विझिंजमची लाट आणि किनाऱ्याची गरज

केरळात तिरुअनंतपुरमच्या दक्षिणेला विझिंजम नावाचे मच्छीमारांचे जुने गाव आहे. आज हे नाव ऐकले की तिथले अवाढव्य कंटेनर बंदर आठवते. पण त्याच्या कितीतरी आधी, ऑक्टोबर १९९१ मध्ये, या गावच्या मासळी बंदराच्या लाटरोधक बंधाऱ्यालगत समुद्राच्या लाटांवर चालणारे वीज केंद्र सुरू झाले होते. क्षमता १५० किलोवॉट. आयआयटी मद्रासच्या अभियंत्यांनी ते उभे केले, पैसा केंद्र सरकारच्या महासागर विकास विभागाचा होता आणि तयार होणारी वीज केरळ राज्य वीज मंडळाच्या जाळ्यात जात होती. जगात त्या काळी अशी केंद्रे बोटांवर मोजण्याइतकी होती. दोन दशकांनी ते बंद झाले आणि तेव्हापासून त्याचा इतिहास एका वाक्यात आटोपला जातो: प्रयोग केला, वीज महाग पडली, गुंडाळला. हे वाक्य खोटे नाही, पण त्यातून चुकीचा धडा घेतला जातो असे मला वाटते. लाटांच्या ऊर्जेचा सव्वादोनशे वर्षांचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट वारंवार दिसते. एखाद्या किनाऱ्याची नेमकी, छोटी आणि दुसऱ्या कशाने सहज न भागणारी गरज समोर ठेवून यंत्र बसवले, तिथे लाट कामाला आली. तिला कोळशाच्या वीज केंद्राशी युनिटच्या भावात झुंजायला लावले, तिथे ती हरली. विझिंजममध्ये या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी, एकापाठोपाठ घडल्या. म्हणून ते केंद्र बारकाईने पाहायला हवे.

सुरुवात विजेच्या आधीची आहे. १७९९ मध्ये पॅरिसमध्ये जिरार बापलेकांनी लाटेच्या शक्तीचे पेटंट घेतले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे पंप, गिरण्या आणि लाकूड कापायच्या करवती होत्या. नांगरलेले मोठे जहाज लाटेबरोबर वरखाली होते, त्या हालचालीला लांब तरफ जोडून किनाऱ्यावरचे काम करून घ्यायचे, अशी ती कल्पना. याहून उपयोगी ठरला तो १८७६ च्या सुमाराचा अमेरिकेतला कोर्टने यांचा शिट्टीचा बोया. त्याची रचना समजून घेण्यासारखी आहे, कारण पुढची बरीच यंत्रे तिच्याच वंशातली आहेत. बोयाच्या पोटातून तीसेक फूट लांबीची नळी सरळ खाली सोडलेली असे, तिचे खालचे तोंड उघडे. तेवढ्या खोलीवर पाण्याची हालचाल बरीच मंदावते. त्यामुळे नळीतले पाणी जवळपास जागच्या जागी राहते आणि बोया मात्र लाटेवर वरखाली होतो. बोया वर गेला की नळीतली पोकळी वाढून झडपांतून हवा आत येते. खाली आला की तीच हवा दाबली जाऊन शिट्टीतून बाहेर पडते. समुद्र जितका खवळलेला तितकी शिट्टी मोठी, म्हणजे धोका वाढेल तसा इशाराही वाढतो. धुक्यात खडक चुकवणाऱ्या खलाशाला एवढेच हवे होते. या शिट्टीला युनिटमागे किती खर्च पडतो, हा प्रश्न कोणी विचारला नाही, कारण भर समुद्रात तिथे दुसरे काही टिकणारेच नव्हते.

हवेची हीच युक्ती १९१० मध्ये फ्रान्सच्या रोयाँ गावात एका गृहस्थाने किनाऱ्यावरच्या कड्यात वापरली आणि सुमारे एक किलोवॉट विजेवर स्वतःचे घर उजळले. तिला खरे आयुष्य मिळाले ते जपानमध्ये. योशिओ मासुदा हे जपानी नौदलातले माजी अधिकारी. १९४० च्या दशकापासून त्यांनी लाटेवर वीज करणाऱ्या यंत्रांचा ध्यास घेतला आणि शिट्टीच्या जागी हवेवर फिरणारे छोटे टर्बाइन बसवून दिव्याचा बोया तयार केला. १९६५ पासून जपानच्या सागरी सुरक्षा खात्याने हे बोये वापरायला घेतले आणि नंतर ते इतर देशांतही गेले. दिव्याला लागणारी वीज काही वॉटची. पण बॅटऱ्या बदलायला दर खेपेला बोट पाठवावी लागणे हा मोठा खर्च होता आणि तो वाचत होता. लाटेच्या विजेचा व्यापारात टिकलेला पहिला उपयोग हाच, आणि तो अगदी लहान होता हे विसरू नये.

मग १९७३ चे तेलसंकट आले आणि सगळ्या मापांना शून्ये जोडली जाऊ लागली. एडिनबरा विद्यापीठातले स्टीफन सॉल्टर यांनी १९७४ मध्ये लाटेवर डुलणाऱ्या यंत्राविषयी लेख प्रसिद्ध केला. बदकासारखे डुलते म्हणून ते यंत्र ‘सॉल्टरचे बदक’ या नावानेच ओळखले गेले. ब्रिटिश सरकारने संशोधनाला पैसा दिला, पण उद्दिष्ट ठेवले ते एकदम २००० मेगावॉटच्या केंद्राचे. दिव्याच्या बोयावरून थेट अणुवीज केंद्राच्या बरोबरीला उडी मारायला सांगितल्यासारखे ते होते. १९८२ मध्ये, भाव परवडत नाही म्हणून, तो कार्यक्रम मोडीत निघाला. जपाननेही मासुदांची कल्पना मोठी करून कैमेई नावाचा ८० मीटर लांबीचा तराफा समुद्रात सोडला, पण वीज अपेक्षेहून बरीच कमी निघाली. नॉर्वेत बर्गनजवळ १९८५ मध्ये खडकाला धरून बांधलेले ५०० किलोवॉटचे केंद्र १९८८ च्या अखेरीस वादळाने समुद्रात नेले. विझिंजमची आखणी नेमकी या काळात होत होती, आणि आयआयटीच्या मंडळींना हे सारे ठाऊक होते.

त्यांचा विचार ब्रिटनपेक्षा शहाणपणाचा होता, असे कागद वाचताना जाणवते. भारताच्या किनाऱ्यावर लाटा अटलांटिकच्या मानाने लहान. विझिंजमपाशी वर्षाची सरासरी लाटेच्या दर मीटर रुंदीला सुमारे १३ किलोवॉट भरते. स्कॉटलंडच्या पश्चिमेला ती याच्या कित्येक पट असते. लाटेची शक्ती उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे उंची दुप्पट झाली की शक्ती चौपट. म्हणून उत्तरेकडच्या समुद्रात कमाई मोठी, पण वादळात मारही तितकाच मोठा. केरळात दोन्ही बेताचे. शिवाय या गटाचा आग्रह होता की वीज केंद्र बंधाऱ्याचाच भाग व्हावे. बंदराला आडोसा हवाच असतो. त्या भिंतीतच हवेच्या खोल्या ठेवल्या तर बांधकामाचा बराचसा खर्च बंदराच्या नावे पडतो. विझिंजमला सुमारे तीन हजार टनांची काँक्रीटची पोकळ पेटी, जिला अभियंते केसन म्हणतात, तरंगवत आणून डिसेंबर १९९० मध्ये साधारण दहा मीटर खोल पाण्यात बसवली. समोरच्या तोंडातून लाट आत शिरते, पेटीतले पाणी चढते आणि उतरते, वरची हवा घुमटाच्या अरुंद वाटेने ये-जा करते आणि त्या वाटेत टर्बाइन असते. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या ॲलन वेल्स यांनी शोधलेल्या या टर्बाइनचे पाते दोन्ही बाजूंनी सारखे असते. म्हणून हवा आत येवो की बाहेर जावो, चाक एकाच दिशेला फिरत राहते. मासुदांच्या बोयात हवेला एकाच दिशेने वळवायला लागणाऱ्या झडपा त्यामुळे लागत नाहीत, आणि खाऱ्या हवेत जितके हलते भाग कमी तितके बरे.

उणीव नंतर दिसली. १५० किलोवॉटच्या केंद्रातून एप्रिल ते नोव्हेंबर सरासरी ७५ आणि डिसेंबर ते मार्च २५ किलोवॉट मिळतील, असा अंदाज होता. पण लाट ही दर आठ-दहा सेकंदांनी येणारी गोष्ट आहे आणि दोन लाटांच्या मधे हवा क्षणभर थांबते. वेल्सचे टर्बाइन ठराविक वेगाच्या आसपासच चांगले चालते. त्याखाली दम धरत नाही, त्यावर हवेचा प्रवाह पात्यांवरून सुटतो. त्यात जनित्र वीज मंडळाच्या जाळ्याला जोडलेले, म्हणजे त्याला एकाच गतीने फिरत राहणे भाग. लाटा मंद झाल्या की जनित्र वीज देण्याऐवजी जाळ्यातूनच वीज ओढून मोटरसारखे फिरू लागे. १९९६ मध्ये एका मोठ्या चाकाऐवजी ५५ किलोवॉटची लहान चाके बसवली गेली. पुढे जपानी संशोधकांच्या साथीने वेगळ्या घडणीच्या पात्यांचे टर्बाइनही तपासले गेले. या सुधारणा खऱ्या होत्या. तरी मूळ अडचण यंत्रापेक्षा त्याच्याकडून काय मागितले यात होती, असे मला वाटते. क्षणाक्षणाला बदलणाऱ्या शक्तीकडून सेकंदाला पन्नास आवर्तनांची, डगमगू न देता पुरवायची वीज मागितली जात होती. अशा विजेचा विझिंजमच्या एखाद्या घराला वेगळा लाभही होत नव्हता, कारण एकदा जाळ्यात मिसळली की ती सगळ्या राज्याची.

२००४ मध्ये चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने याच पेटीवर मागणी बदलून पाहिली. जनित्राला जाळ्यापासून सोडवून हवेच्या जोराप्रमाणे कमीजास्त फिरू दिले. येणारी वीज मधे साठवून तिच्यावर समुद्राचे पाणी गोडे करणारा रिव्हर्स ऑस्मोसिसचा संच चालवला. दिवसाला दहा हजार लिटर ही त्याची क्षमता. पाण्याला आवर्तनाची फिकीर नसते. दोन तास संच मंद चालला तर टाकी जरा उशिरा भरते, एवढेच. आणि टाकी ही विजेच्या बॅटरीपेक्षा फार स्वस्त साठवण आहे. जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरच्या हिशोबाने दहा हजार लिटर जेमतेम १८० माणसांना पुरतील. पण पिण्या-रांधण्यापुरते माणशी दहा लिटर धरले तर हजार माणसांची सोय होते. एका मच्छीमार पाड्याच्या दृष्टीने ही क्षुल्लक गोष्ट नाही. तीच पेटी, तोच समुद्र, आणि १९९१ मध्ये ओढाताणीचे वाटणारे काम २००४ मध्ये जमून आले. विझिंजमचा इतिहास ‘अपयश’ या एका शब्दात मावत नाही तो यामुळे. दुर्दैव असे की हा प्रयोग प्रयोगच राहिला. कोल्लमजवळ थंगासेरीच्या बंधाऱ्यात अशा अनेक पेट्या बसवण्याची योजनाही कागदाबाहेर आली नाही.

यावर पहिला आक्षेप भावाचा आणि तो जोरदार आहे. राजस्थानात भडला इथल्या २०१७ च्या लिलावात सौर वीज युनिटला २ रुपये ४४ पैशांवर उतरली. मग समुद्रात काँक्रीट कशाला ओतायचे? ज्या गावात वीज मंडळाची तार धड पोचते, तिथे विजेसाठी लाटेची भलावण मी करणार नाही. पण पश्चिम किनाऱ्यावर ऊन आणि लाट यांचे ऋतू उलटे आहेत, ही गोष्ट भावाच्या आकड्यात दिसत नाही. जून ते ऑगस्ट आभाळ भरलेले असते तेव्हाच लाटा सर्वांत मोठ्या असतात. विझिंजमचे वैशिष्ट्य असे की पावसाळा हाच तिथला भराचा हंगाम. उघड्या किनाऱ्यावरून होड्या लोटणे कठीण झाले की आसपासच्या गावांचे मच्छीमार या आडोशाला येतात आणि धक्का माणसांनी फुलून जातो. पाणी आणि बर्फ यांची गरज तेव्हाच वाढते. गरज आणि लाट एकाच महिन्यात वाढणे, ही तिथली जमेची बाजू होती, आणि पहिल्या आखणीत तिचा फायदा घेतला गेला नाही.

दुसरा आक्षेप समुद्राच्या रागाचा. नॉर्वेचे केंद्र गेले. अझोर्सच्या पिको बेटावर १९९९ मध्ये उभे राहिलेले ४०० किलोवॉटचे केंद्र बरीच वर्षे रखडत चालले आणि २०१८ मध्ये त्याचा भाग कोसळला. पोर्तुगालच्या उत्तर किनाऱ्यावर २००८ मध्ये सोडलेली पेलामिसची सापासारखी तीन यंत्रे काही महिन्यांत परत ओढून आणावी लागली. हे सारे मान्य. पण स्पेनच्या बास्क प्रांतातले मुत्रिकू पाहा. या लहानशा मासळी बंदराला उधाणापासून वाचवायला बंधारा बांधायचाच होता. त्या भिंतीत सोळा खोल्या ठेवून प्रत्येकीवर १८.५ किलोवॉटचे टर्बाइन बसवले. बांधकामात वादळांनी नुकसान केले, तरी २०११ मध्ये केंद्र सुरू झाले आणि २०२० पर्यंत त्याने वीस लाख युनिट वीज दिली. क्षमतेच्या मानाने ही कमाई तोकडीच आहे, दहा टक्क्यांच्याही आत. तरी एक चाक बिघडले तर पंधरा चालू राहतात, दुरुस्तीला माणूस भिंतीवरून चालत जातो आणि भिंत आपले मूळ काम करतच असते. भर समुद्रातल्या कोणत्याही यंत्राला हे साधलेले नाही. आयआयटीच्या गटाने १९८० च्या दशकात जे मांडले होते, ते मुत्रिकूने करून दाखवले असे म्हणायला हरकत नाही.

तिसरा आक्षेप किनाऱ्यावरच्या लोकांचा आहे आणि मला तो सर्वांत वजनदार वाटतो. लाट तिरपी येऊन किनाऱ्यालगत वाळू पुढे सरकवत असते. मधे भिंत आली की एका बाजूला वाळू साचते आणि दुसरी बाजू खचते. २०२२ मध्ये विझिंजमच्या मच्छीमारांनी नव्या बंदराविरुद्ध कित्येक महिने आंदोलन केले. बांधकामामुळे किनारा आणि घरे जात आहेत, ही त्यांची मुख्य तक्रार होती. सरकारने ती तशी मान्य केली नाही, पण ज्यांची घरे खचली त्यांना ‘स्वच्छ ऊर्जेसाठी आणखी एक भिंत’ असे सांगण्यात काही अर्थ नाही. म्हणून लाटेच्या विजेसाठी नवा बंधारा बांधू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बंधारा बंदरासाठी आधीच उभा असेल, किंवा होड्यांच्या आडोशासाठी मच्छीमारांनीच मागितलेला असेल, तरच त्यात हवेच्या खोल्या ठेवाव्यात. आणि त्यातून मिळणारी वीज किंवा पाणी आधी धक्क्यावर वापरावे. १९९१ मध्ये वीज थेट राज्याच्या जाळ्यात गेली. त्या वीस वर्षांत गावाकडे या केंद्राची मालकी, नोकरी किंवा पाणी यांपैकी ठोस काही आले असते, तर ते बंद करताना गावाने विचारणा केली असती.

कोकणाला हे माप लावले तर उत्तर तितके सोपे येत नाही. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या, जाळी विणायला घेतलेली, बर्फाच्या कारखान्यांना काम नाही. नेमक्या त्याच दोन महिन्यांत लाटा भरात असतात. विझिंजमला जुळलेला ऋतू इथे जुळत नाही. रत्नागिरीच्या मिरकरवाड्याला बंधारा आहे, पण तिथल्या धक्क्याला तारेची वीजही आहे. जून २०२० मधल्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, दापोली, मंडणगड भागात कित्येक दिवस अंधार होता, हे खरे. पण तेवढ्या आणीबाणीसाठी छपरावरचे सौर पॅनेल आणि बॅटरी जास्त परवडतात. कोकणात बंधाऱ्याची नवी भिंत बांधायची वेळ आलीच, तर मुत्रिकूप्रमाणे खोल्यांची तरतूद तपासून पाहावी. त्याहून अधिक दावा आज मी करणार नाही.

दावा करावा असे ठिकाण वेगळे आहे. लक्षद्वीपची वीज मुख्यतः डिझेलवर चालते, डिझेल मुख्य भूमीवरून जहाजाने जाते आणि पावसाळ्यात लहान मालवाहू जहाजांची ये-जा थांबते. २००५ मध्ये राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने कवरत्तीला खोल समुद्राचे थंड पाणी वापरून दिवसाला एक लाख लिटर गोडे पाणी देणारा संच उभारला, आणि नंतर मिनिकॉय व अगत्तीलाही तसे संच झाले. बेटावरच्या विहिरींत खारे पाणी शिरत असताना या संचांनी मोठा दिलासा दिला. मात्र त्यांचे पंपही डिझेलच्या विजेवर फिरतात. ऑस्ट्रेलियाच्या किंग आयलंडवर डिझेल, वारा आणि ऊन यांच्या जोडीला २०० किलोवॉटचे लाटेचे यंत्र वर्षभराहून अधिक काळ चालवून पाहिले गेले, ते बेटावरचे डिझेल वाचवण्याच्या याच कोड्यासाठी. कवरत्तीच्या पंपांचा काही भार पावसाळ्यात लाटेवर टाकायचा झाला, तर तुलना भडलाच्या २ रुपये ४४ पैशांशी न करता जहाजाने नेलेल्या डिझेलच्या युनिटशी करावी लागेल. प्रवाळाला धक्का न लावता यंत्र कुठे बसेल, हे तिथल्या मच्छीमारांना विचारूनच ठरवावे लागेल. आणि विझिंजमच्या पेटीवर २००४ मध्ये जे जमले, त्याच्या नोंदी त्यासाठी आधी कपाटातून बाहेर काढाव्या लागतील.